माळ, शाळू, भोरड्या

कोल्हापूरजवळची शिरोली एमआयडीसी होण्याआधी इथं काय होतं, असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं : काही नव्हतं, नुसता माळ होता. त्या नुसत्या माळावरचं आणि त्याच्या आसपासचं जे गेलं, जे जायच्या वाटेवर आहे, ते इथे लिहून ठेवतो आहे. यातलं बरंचसं आपल्या एकट्याच्या मालकीचं कधीच नव्हतं. सहा महिने आपलं, सहा महिने कझाकस्तानचं, सायबेरियाचं, मंगोलियाचं. सातबाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर सामाईक खातं.

गवत. पंचगंगेकाठची काळी रानं मागे टाकून नागाव-टोपकडे निघालं की जमीन मुरमाड होत जाते. अशा जमिनीवर कुसळी, मारवेल, पवन्या वाढायचं. श्रावणात हिरवं, दिवाळीला पिवळं, शिमग्यापर्यंत पांढरट. दप्तरी नोंद पोटखराब, पड, नाहीतर गायरान. त्यात नाकतोडे असायचे, उंदीर असायचे, चंडोल आणि लावे असायचे. आता गवत उरलंय ते कंपाउंडची भिंत आणि रस्ता यांच्यामधल्या पट्ट्यात, ट्रान्सफॉर्मरच्या भोवती, कोर्टात अडकलेल्या एखाद्या प्लॉटवर. पाच जूनला, पर्यावरण दिनाला, त्यातही झाडांसाठी खड्डे पडतात. झाडं लावणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण माळावर झाडी दाटली की माळाची पाखरं निघून जातात. भोवत्या, चंडोल, धाविक यांना वर मोकळं आभाळ आणि खाली गवत लागतं, सावली लागत नाही. एमआयडीसीच्या नकाशात ओपन स्पेस म्हणून तुकडे राखलेले असतात. त्यातला एक तरी निव्वळ गवतासाठी सोडावा. पेव्हर ब्लॉक नको, लॉन नको, अशोकाची रांग नको. पावसाळ्यानंतर एकदा कापणी केली तरी पुरे.

भोवत्या. शिकारी पक्ष्यांतला सडपातळ, लांब पंखांचा. कोल्हापूर-सांगलीच्या माळांवर दिवाळीच्या सुमाराला उतरायचा. गवताच्या शेंड्यांवरून अगदी खालून, पंख किंचित वर उचलून, डावी-उजवीकडे झुकत तो सगळा माळ नांगरल्यासारखा फिरतो. चेहऱ्याची ठेवण घुबडासारखी गोल, त्यामुळे गवतातली खसखस त्याला नीट ऐकू येते. रात्री झाडावर बसत नाही. संध्याकाळी दहा-वीस-पन्नास जण एकाच गवतात जमिनीवर उतरतात आणि तिथेच झोपतात. म्हणून एका माळावर जेसीबी फिरला तर एका पक्ष्याची नाही, साऱ्या टापूतल्या भोवत्यांची निजायची जागा जाते.

माँटेग्यूचा भोवत्या आणि पांढुरका भोवत्या, हे दोन्ही कझाकस्तानच्या गवताळ मैदानांत वीण करतात. आंध्रातल्या रोल्लापाडूच्या माळावर एकेकाळी हिवाळ्यात हजाराच्या घरात भोवत्या मुक्कामाला असत. भोवत्यांची एवढी मोठी निजायची जागा जगात क्वचितच होती. बंगळुरूच्या अत्री संस्थेचे टी. गणेश आणि त्यांचे सहकारी कित्येक वर्षं दक्षिणेतल्या अशा जागांवर मोजणी करत आले आहेत, आणि त्यांचे आकडे उतरतेच आहेत. आफ्रिका, युरोप आणि आशियातल्या शिकारी पक्ष्यांसाठी 2008 साली अबुधाबीत देशांनी एक सामंजस्य करार केला. भारताने त्यावर 2016 साली सही केली. सही झाली तोवर आपल्या बाजूचे किती माळ प्लॉटात गेले होते, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.

करार. या सगळ्याच्या मुळाशी बॉनचा करार आहे. स्थलांतर करणाऱ्या वन्य प्राण्यांसाठी 23 जून 1979 रोजी, तेव्हाच्या पश्चिम जर्मनीच्या राजधानीत तो झाला. अंमल 1 नोव्हेंबर 1983 पासून. भारत तेव्हापासूनच त्यात आहे. म्हणणं साधं आहे : ऋतूप्रमाणे जो प्राणी सरहद्दी ओलांडतो त्याला एकट्या देशाला वाचवता येत नाही. पहिल्या परिशिष्टात नामशेष व्हायला आलेले, दुसऱ्यात ज्यांच्यासाठी देशांनी एकत्र बसून मार्ग काढायचा ते. फेब्रुवारी 2020 मध्ये या कराराची तेरावी परिषद गांधीनगरला भरली. चौदावी फेब्रुवारी 2024 मध्ये समरकंदला. तिथे मांडलेल्या अहवालाने सांगितलं की करारात नोंदलेल्या 1,189 जातींपैकी 44 टक्के जातींची संख्या घटते आहे आणि दर पाचातली एक नामशेष होण्याच्या धोक्यात आहे. आपल्याकडे येणारे बहुतेक पक्षी ज्या वाटेने येतात त्या मध्य आशियाई उड्डाणमार्गात 30 देश आहेत. त्यांच्यातला समन्वय भारतातून चालवायचा, हेही समरकंदलाच ठरलं.

हे ठराव वाचताना मला दर वेळी एकच गोष्ट खुपते. आभाळातला रस्ता तीस देशांनी मिळून राखायचा ठरतो, पण पाखरू उतरतं ते कुठल्या तरी गट नंबरात. त्या गट नंबराचं काय करायचं ते ग्रामपंचायतीत, तलाठी कार्यालयात, प्लॉट वाटपाच्या टेबलावर ठरतं. तिथवर बॉनचा कागद पोचलेला मला अजून दिसला नाही.

चित्ता. कोल्हापूर संस्थानात पाळलेल्या चित्त्यांकरवी काळविटांची शिकार चालायची. देशातले चित्ते संपत आले तेव्हा ते आफ्रिकेतून मागवले. 1952 साली देशातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं. सप्टेंबर 2022 मध्ये नामिबियातून आठ चित्ते कुनोला आले. माळ आधी गेला, की काळवीट, की चित्ता, याचा हिशेब आता लागणार नाही.

माळढोक. बॉनचा करार झाला त्याच 1979 साली महाराष्ट्राने सोलापूर-नगरकडे माळढोकासाठी अभयारण्य जाहीर केलं. गांधीनगरच्या परिषदेत तो पहिल्या परिशिष्टात गेला. परिषदेचा शुभंकरही तोच होता. राजस्थानचे माळढोक सरहद्द ओलांडून पाकिस्तानात जातात, त्यामुळे त्यांना वाचवायचं तर दोघांनी मिळूनच वाचवावं लागेल. नान्नजच्या माळावर आता तो दिसला तर बातमी होते.

शाळू. ऊस येण्याआधी इथल्या रानात रब्बीचा शाळू असायचा. शाळू म्हणजे हुरडा, कडबा आणि भाकरी, पण त्याबरोबर आणखी पुष्कळ काही त्या रानात नांदायचं. पाणी आलं, ऊस आला, दर मिळाला. शेतकऱ्याला त्याबद्दल बोल लावण्यात अर्थ नाही. भाकरीची ज्वारी आता सोलापूरकडून नाहीतर कर्नाटकातून पोत्यांनी येते. तिच्याबरोबर तिची पाखरं येत नाहीत.

भोरड्या. अंग गुलाबी, डोकं, पंख आणि शेपूट काळी, डोक्यावर तुरा. पिल्लं मातकट. दसऱ्याच्या आगेमागे थवे यायला लागायचे, आणि शाळवाची कणसं दाण्यावर आली की शेतावर आभाळ खाली आल्यासारखं व्हायचं. एक थवा म्हणजे शेकड्यांत, कधी हजारांत. सगळे एकदम उठतात, एकदम वळतात, एकदम बसतात. शेतकरी त्यांना शिव्या घालत असे, आणि त्या शिव्यांत त्याची चूक नव्हती. पण त्याच भोरड्या नाकतोडे आणि टोळही त्याच हावरेपणानं खातात. त्यांची वीण कझाकस्तानपासून चीनच्या शिंजियांगपर्यंतच्या कोरड्या पट्ट्यात होते. शिंजियांगमध्ये टोळांवर औषध मारण्यापेक्षा भोरड्या बऱ्या म्हणून त्यांच्यासाठी मुद्दाम दगडांच्या भिंती रचून ठेवतात, दगडांच्या सांदीत त्यांना घरटी करता यावीत म्हणून. ज्या पाखराला आपण सहा महिने हाकललं त्याला बाकीचे सहा महिने तिथं बोलावून घेतात. आता शिरोली-हेर्ल्याच्या बाजूला हाकलायलाही फारशा येत नाहीत. मार्चमध्ये पळस-पांगारा फुलला की थोड्या दिसतात, मध प्यायला.

गोफण. घायपाताच्या वाखाची विणलेली. मधे दगड बसेल एवढा रुंद खण, दोन्ही अंगांना हात-दीड हात दोऱ्या. एका दोरीला फासा, तो बोटात अडकवायचा. दुसरीच्या टोकाला वाखाचा झुपका, ती चिमटीत धरायची. डोक्याभोवती दोन-तीन गरके आणि चिमूट सोडायची. दगड सुटतो आणि झुपक्याचा फटकारा बंदुकीच्या बारासारखा वाजतो. पाखरं उठायची ती दगडापेक्षा त्या आवाजानं. शेताच्या मधोमध चार मेढींवर बांधलेला माळा असायचा, त्यावर पोरं आणि म्हातारी माणसं राखणीला. शाळू गेला, भोरड्या गेल्या, माळा गेला. गोफण कुठे कुठे खुंटीला आहे, पण ती मारता येणारा हात मिळत नाही.

गिधाड. याबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण ते आमच्या डोळ्यांदेखत गेलं आणि का गेलं हे नक्की ठाऊक आहे. जनावर मेलं की गावाबाहेर ठरलेल्या जागी ओढून टाकत. कातडं सोलून झालं की उरलेल्याचं काम गिधाडांचं. दुपारपर्यंत नुसती हाडं. 1990 नंतर काही वर्षांतच ती दिसेनाशी झाली. पांढऱ्या पाठीचं गिधाड 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत भारतातून 99.9 टक्क्यांनी घटलं. हजारातलं एक उरलं. आधी सगळ्यांना वाटलं रोग आला. 2004 साली लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातली मेलेली गिधाडं तपासून दाखवून दिलं की हा डायक्लोफेनॅकचा परिणाम आहे. दुखण्यावर जनावराला टोचलेलं साधं, स्वस्त औषध. ते जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात.

त्यानंतर जे झालं ते मला या सगळ्या यादीत धीर देणारं वाटतं. 2006 साली भारत, पाकिस्तान आणि नेपाळ या तिन्ही देशांनी जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. एरवी एकमेकांशी धड न बोलणाऱ्या सरकारांनी एकाच वर्षात एकच निर्णय घेतला. बांगलादेशाने 2010 साली घातली. मेलोक्सिकॅम हे गिधाडाला न बाधणारं औषध पुढे आलं. 2017 साली मनिलाच्या परिषदेत बॉन कराराने गिधाडांच्या दहा जाती पहिल्या परिशिष्टात घातल्या आणि आशिया-आफ्रिका-युरोपासाठी मिळून एक कृती आराखडा केला. गिधाड उडताना शेकडो किलोमीटर जातं. भारतात औषध बंद आणि पलीकडे चालू असं असतं तर काहीच उपयोग नव्हता. 2023 साली भारताने किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक ही औषधंही जनावरांसाठी बंद केली. मात्र माणसांसाठीचं डायक्लोफेनॅक दुकानात मिळतंच, आणि गोठ्यात ते कोण वापरतो हे गोठ्याच्या मालकाखेरीज कुणाला कळत नाही. शिरोलीत मेलेल्या जनावराभोवती आता कुत्री असतात.

भराव. सांगली फाट्यापासून पंचगंगेच्या पुलापर्यंतचा रस्ता 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पाण्याखाली गेला, पुणे-बंगळुरू महामार्ग बंद पडला, हे इथल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. भरावाऐवजी पिलरचा पूल करा ही मागणी तेव्हापासूनची. ती पुरासाठी आहे आणि रास्त आहे. पण भरावानं आणखी एक गोष्ट जाते. पूर ओसरला की नदीच्या मळईत सखल जागी पाणी साचून राहायचं, दिवाळीपर्यंत गुडघाभर, पुढे घोटाभर, मग चिखल. त्या चिखलात तुतवार यायचे, पाणलावा यायचा, कधी चक्रवाकाची जोडी, कधी थापट्या बदकं. आर्क्टिकच्या कडेवरून निघालेल्या पाखराला इथं चार बोटं चिखल लागतो, फार नाही. नेमका तोच चार बोटं चिखल मुरूम टाकून बुजवायला सगळ्यात सोपा.

काळी वाळू. इथल्या फाउंड्र्यांत मोल्डमधून ओतकाम काढलं की जळालेली वाळू उरते. तिच्यात कोळशाची भुकटी असते, बेंटोनाइट असतं, कोअरच्या रेझिनचा अंश असतो. ती ओढ्याच्या कडेला आणि खाणीच्या खड्ड्यांत ओतलेली दिसते. ती पुन्हा कामाला आणण्याचं तंत्र आहे, खर्चही परवडण्याजोगा होत चालला आहे. ओढा वाचला तर त्याखालचं सगळं वाचेल, म्हणून ही ओळ या यादीत.

अहिर. हातापेक्षा लांब, सापासारखा निसटता मासा. जन्म समुद्रात. पारदर्शक पोरवय नदीच्या मुखाशी काढून वर चढतो, गोड्या पाण्यात वर्षानुवर्षं वाढतो आणि वीण घालायला पुन्हा समुद्राकडे जातो. गेला की परत येत नाही. कृष्णा-भीमेच्या खोऱ्यातल्या जुन्या नोंदींत तो आहे. बंगालच्या उपसागरातून पंचगंगेपर्यंत यायचं म्हणजे प्रकाशम बंधारा, नागार्जुनसागर, श्रीशैलम, जुराळा, नारायणपूर, अलमट्टी, आणि मग आपले कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. अलमट्टीची उंची 519 मीटर ठेवायची की 524 करायची यावरून आमच्याकडे दर पावसाळ्यात वातावरण तापतं. त्यात माशाचं नाव कधीच निघत नाही. समरकंदच्या अहवालात सगळ्यात वाईट आकडा माशांचाच आहे. करारात नोंदलेल्या माशांपैकी 97 टक्के धोक्यात. युरोपातला अहिराचा भाऊबंद 2014 सालीच दुसऱ्या परिशिष्टात गेला. आपल्या नदीतला अजून कराराच्या कुठल्या परिशिष्टात नाही.

कडी. अॅल्युमिनियमची, पाखराच्या पायात घालायची. तिच्यावर क्रमांक आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा अशा अर्थाचा मजकूर. सालिम अलींनी 1959 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू केलं. क्यासनूरच्या जंगलात उद्भवलेल्या तापाच्या गोचिडी पाखरांबरोबर सायबेरियातून येतात का, हा तेव्हाचा प्रश्न होता. फाउंड्रीतल्या माणसाला कडीचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही. इथून युरोप-अमेरिकेत जाणाऱ्या प्रत्येक कास्टिंगवर हीट नंबर असतो. तिकडे पीस तडकला तर कुठल्या दिवशीच्या कुठल्या ओतीतला तो, हे इथं बसून काढता येतं. कडीचा क्रमांक म्हणजे पाखराचा हीट नंबर. मंगोलियात गळ्यात पट्टा घातलेले पट्टकदंब कर्नाटकातल्या तळ्यांवर दुर्बिणीतून वाचले गेले आहेत, तेही याच हिशेबानं. मेलेल्या पाखराच्या पायातली कडी शोभेची म्हणून पोराच्या खिशात गेली, तर त्या पाखराचा सगळा प्रवास वाया गेला.

हत्ती. कर्नाटकातून 2002 साली दोडामार्गकडे उतरले, चंदगड-आजऱ्यात फिरतात, तिथल्या शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे. गांधीनगरला आशियाई हत्तीही पहिल्या परिशिष्टात गेला. शिरोलीपासून ते लांब आहेत, पण जिल्हा तोच.

पांगटी. हे गाव नागालँडमधलं. डोयांग जलाशयाकाठी ऑक्टोबरात सायबेरिया-मंचुरियाकडून अमूर ससाणे लाखांनी उतरतात, आणि पुढे भारत ओलांडून, अरबी समुद्रावरून एका दमात आफ्रिकेला जातात. आपल्या लोणावळ्याच्या डोंगरांवरही ते दिसतात. 2012 साली पांगटीला जाळी लावून त्यांची प्रचंड कत्तल झाली, फोटो जगभर गेले. पुढच्याच वर्षी, 2013 साली, एकही ससाणा मारला गेला नाही. संस्थांनी समजावलं, सरकारनं जोर लावला, पण जाळी उतरवली ती गावच्या परिषदेनं आपल्या ठरावानं. बॉनचा करार आणि गट नंबर यांच्यामधली जागा कशी भरायची याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

धोबी. हा अजून आहे. ऑक्टोबरात एका सकाळी कूलिंग टॉवरखालच्या ओलीवर, नाहीतर काळ्या वाळूच्या ढिगाशेजारी उभा असतो. कपाळ पांढरं, छातीवर काळा पट्टा, शेपूट सारखी वरखाली. उड्या मारत नाही, चालतो. चार पावलं तुरुतुरु, थांबा, शेपटीचे दोन झोले, आणि मग एकदम झेप घेऊन माशी उचलतो. फेटलिंगमधला ग्राइंडर सुरू झाला तरी दचकत नाही, फोर्कलिफ्ट आली की हातभर बाजूला होतो. वजन वीस-बावीस ग्रॅम. एवढ्या ऐवजावर तो हिमालयापलीकडून येतो आणि एप्रिलपर्यंत परत जातो. रात्रीला मोठ्या जमावानं उसाच्या फडात, पाणकणसांत, कधी शहरातल्या भर रस्त्यावरच्या झाडात झोपतो. सुरक्षारक्षक त्याला ओळखतात. कॅन्टीनच्या मागे सांडलेलं पाणी आटलं तर दुसऱ्या दिवशी तो तिथं नसतो, हेही त्यांनीच मला दाखवलं.

मोजणी. 1987 सालापासून दर जानेवारीत आशियातल्या पाणपक्ष्यांची गणना होते. काम सगळं हौशी माणसांचं. त्यांचे आकडे एकत्र होतात आणि उड्डाणमार्गावरच्या देशांच्या बैठकांत तेच आधाराला घेतले जातात. आमच्याकडे पक्षी पाहणारी माणसं रंकाळा-कळंब्याला जातात. महामार्गालगतच्या मळईतली डबकी, टोपच्या जुन्या खाणींतलं पाणी, एमआयडीसीच्या कडेचा ओढा, हे कुणी मोजत नाही. जे मोजलेलं नसतं ते बुजवताना कुणाला अडचण येत नाही. एक दुर्बीण, एक वही आणि दोन माणसं पुरतात. सकाळी लवकर, पहिल्या शिफ्टच्या आधी उरकावं. सातनंतर ट्रकची ये-जा सुरू होते आणि पाणलावा चिखलात दडून बसतो.